फ्लोराइटच्या खड्यावरून किरणोत्सर्गाचा डोस मोजता येईल का?

तुमचा प्रश्न मी असा समजलो आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगाव परिसरातून आणलेला जांभळट फ्लोराइटचा खडा तुम्ही कुटलात, तापलेल्या तव्यावर टाकलात आणि दिवा बंद केल्यावर तो काही क्षण निळसर उजळला. तेच कण थंड करून पुन्हा तापवले, तेव्हा मात्र काहीच दिसले नाही. त्यावरून एमएस्सीच्या प्रकल्पासाठी तुम्हाला अशी कल्पना सुचली, की याच खनिजाच्या पुड्या करून त्या एका लहान रुग्णालयात एक्स-रे तंत्रज्ञ असलेल्या तुमच्या मामांच्या खिशात ठेवाव्यात, कारण त्यांना तिथे डोस मोजण्याचा बॅज मिळालेला नाही. त्यांच्या गेल्या सहा वर्षांच्या नोकरीतला डोसही अशाच एखाद्या खनिजावरून काढता येईल का, हेही तुम्ही विचारले आहे.

फ्लोराइटने डोस मोजता येतो, आणि जगात तो मोजलाही गेला आहे. १९६०च्या दशकात बेल्जियममध्ये नैसर्गिक फ्लोराइट काचेच्या छोट्या बल्बमध्ये बंद करून व्यक्तिगत डोसमापक बनवले जात होते. त्यामुळे खनिज उजळते की नाही, इथे अडचण नाही. खरी अडचण ही, की त्या उजेडातून जो डोस कळतो तो कधीपासूनचा आहे, कोणत्या ऊर्जेच्या किरणांचा आहे आणि तो मामांच्या शरीराचा डोस म्हणून सांगता येतो का. या तीन गोष्टी सुटल्या नाहीत तर तुमच्या हाती एक सुबक आलेख येईल, पण त्यावरून मामांबद्दल काही म्हणता येणार नाही. माझे बरेचसे काम क्वार्ट्झ आणि फेल्डस्पारवर झाले आहे, फ्लोराइटवर त्या मानाने कमी. पण तर्क सगळीकडे सारखाच चालतो.

तुम्ही जे पाहिलेत त्याला तापदीप्ती म्हणतात. प्रयोगशाळेत आम्ही सरळ टीएल म्हणतो. स्फटिकाच्या रचनेत काही जागी दोष असतात, परके अणू अडकलेले असतात. किरणोत्सर्गाने सुटे झालेले काही इलेक्ट्रॉन अशा जागांच्या सापळ्यांत अडकतात आणि सापळा खोल असेल तर लाखो वर्षे तिथेच राहतात. खनिज तापवले की ते सुटतात, प्रकाश देणाऱ्या जागांपाशी (दीप्तिकेंद्रांपाशी) पुन्हा जुळतात आणि त्या वेळी प्रकाश बाहेर पडतो. सापळे रिकामे झाले, की दुसऱ्यांदा तापवून प्रकाश मिळत नाही. रॉबर्ट बॉइल यांनी १६६३ मध्ये हिऱ्याची अशी चमक नोंदवली होती. मेरी क्युरी यांनी आपल्या प्रबंधात फ्लोराइटबद्दल लिहिले आहे, की तापवल्यावर त्याची गेलेली उजळण्याची क्षमता रेडियमच्या सान्निध्यात ठेवल्यावर परत येते. तुमच्या प्रयोगाचा उरलेला अर्धा भाग नेमका हाच आहे: रिकामा केलेला खडा पुन्हा भरणे, आणि तोही माहीत असलेल्या डोसने.

आता पहिल्या अडचणीकडे येऊ. जमिनीतल्या खनिजाला आसपासच्या पोटॅशियम, युरेनियम आणि थोरियममधून, शिवाय थोडा वैश्विक किरणांतून, सतत डोस मिळत असतो. खडकागणिक तो बदलतो, पण वर्षाला एक ते काही मिलिग्रे हा अंदाज बहुतेक ठिकाणी चालतो (ग्रे हे दर किलोमागे शोषलेल्या किरणोत्सर्गी ऊर्जेचे एकक, मिलिग्रे त्याचा हजारावा भाग). वर्षाला एक मिलिग्रे धरला तरी दहा लाख वर्षांत एक हजार ग्रे होतात. एवढ्या डोसपर्यंत बहुतेक सापळे भरून गेलेले असतात आणि प्रकाश वाढायचा थांबतो. एक्स-रे विभागात नीट काळजी घेऊन काम करणाऱ्या माणसाचा तीन महिन्यांचा डोस बहुधा मिलिसिव्हर्टच्या काही दशांशांत असतो (हे शरीरावरच्या परिणामाच्या हिशेबातले एकक; एक्स-रेसाठी ढोबळमानाने मिलिग्रेएवढेच). तुमच्या खड्यात साठलेला नैसर्गिक डोस फक्त शंभर ग्रे आहे असे मानले, तरी मामांचा ०.१ मिलिग्रे त्याच्या दहा लाखांश भरेल. काठोकाठ भरलेल्या रांजणात चमचाभर पाणी ओतून पातळी किती वाढली हे पाहण्यासारखे ते होईल. म्हणून खाणीतून आणलेला खडा आहे तसा खिशात ठेवणे पूर्णपणे निरुपयोगी आहे. तो आधी भट्टीत तापवून रिकामा करावा लागतो, त्यालाच ॲनीलिंग म्हणतात.

किती अंशांवर, किती वेळ, हे मात्र तुमच्या खड्यावर अवलंबून आहे आणि ते दुरून सांगता येत नाही. फ्लोराइटमधला प्रकाश बहुतांशी त्यातल्या दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांमुळे येतो आणि ती एकाच खाणीतल्या दोन शिरांमध्येही वेगळ्या प्रमाणात असू शकतात. सुरुवात ४०० अंश सेल्सियसवर तासभर अशी करा, नमुना दर वेळी सारख्याच गतीने थंड करा आणि मग काहीही डोस न देता त्याचे मोजमाप घ्या. त्या कोऱ्या मोजमापात उरलेला संकेत तुम्हाला मोजायच्या डोसच्या मानाने नगण्य असला पाहिजे. तो तसा नसेल तर खोल सापळे अजून भरलेले आहेत. तापमान वाटेल तेवढे वाढवू नका, कारण फार तापवल्यावर खनिजाची संवेदनशीलताच बदलते.

संवेदनशीलता, म्हणजे एका मिलिग्रेला किती प्रकाश, ही नैसर्गिक खनिजाची सर्वांत त्रासदायक गोष्ट आहे. कारखान्यात बनवलेल्या पदार्थात अशुद्धी मोजून घातलेली असते. भारतातल्या बॅजमध्ये वापरले जाणारे डिस्प्रोसियमयुक्त कॅल्शियम सल्फेट हे त्याचे उदाहरण आहे. नैसर्गिक खनिजात मात्र कणाकणाला फरक पडतो. वाळूतल्या क्वार्ट्झचे एकेक कण वेगळे मोजले, तर शेकडा पाच-दहा कण बहुतेक सगळा प्रकाश देतात आणि बाकीचे जवळजवळ मुके असतात, असा अनुभव नेहमीचा आहे. त्यातच प्रत्येक वेळी तापवल्यावर आणि डोस दिल्यावर हीच संवेदनशीलता थोडी सरकते. म्हणून कोणत्याही पुस्तकातला फ्लोराइटचा आकडा उचलून आपल्या खड्याला लावता येत नाही. ज्या पुडीने डोस मोजला, त्याच पुडीला नंतर माहीत असलेला डोस देऊन तिच्याच प्रकाशाशी तुलना करायची. क्वार्ट्झच्या कालमापनात, म्हणजे त्यातल्या साठलेल्या डोसवरून वय काढण्यात, २००० सालापासून रूढ झालेल्या एसएआर (एकाच नमुन्याला पुन्हा पुन्हा डोस देऊन मोजण्याच्या) पद्धतीचा गाभा हाच आहे. तिथे प्रत्येक मोजमापानंतर एक ठरलेला लहान चाचणी-डोस देतात आणि संवेदनशीलता कितीने सरकली ते पाहून दुरुस्ती करतात.

प्रत्यक्ष हाताळणी कशी असते ते थोडे सांगतो, कारण बहुतेक प्रकल्प सिद्धान्तात न फसता इथे फसतात. खडा अगेटच्या खलात हलक्या हाताने दाबून फोडा, घासू नका; घासल्याने पृष्ठभागावर असा संकेत तयार होतो ज्याचा किरणोत्सर्गाशी संबंध नसतो. चाळून ९० ते १५० मायक्रॉनचे कण घ्या, पाण्याने आणि मग ॲसिटोनने धुऊन वाळवा. ॲनीलिंगनंतरचे सर्व काम मंद लाल दिव्यात करा. पाच-पाच मिलिग्रॅमच्या पुड्या तोलून घ्या. टीएल रीडरमध्ये एका छोट्या धातूच्या थाळीवर हे कण एका थरात पसरवतात, थाळी सेकंदाला एक-दोन अंश अशा ठरलेल्या गतीने तापवतात आणि वर बसवलेली फोटोमल्टिप्लायर ट्यूब प्रकाश मोजते. कक्षातली हवा काढून नायट्रोजन सोडतात, म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनमुळे होणारी खोटी चमक दबते. पडद्यावर उमटणारा आलेख पाहण्यासारखा असतो. फ्लोराइटमध्ये साधारण १०० अंशांच्या आसपास पहिला उंचवटा येतो, मग २००च्या आसपास आणि पुढे ३००च्या अलीकडे-पलीकडे आणखी. त्यानंतर रेषा पुन्हा वर जाऊ लागते, पण तो खनिजाचा प्रकाश नसतो, थाळीच तापून लालसर होऊ लागलेली असते. ती पार्श्वभूमी दुसऱ्यांदा तापवून वेगळी नोंदवायची आणि वजा करायची.

हे सर्व उंचवटे मोजमापाला सारखे उपयोगी नाहीत. पहिला उथळ सापळ्यांचा असतो आणि खोलीच्या तापमानालाच ओसरत जातो. क्वार्ट्झचा ११० अंशांचा उंचवटा तर काही तासांतच निम्मा होतो. तीन महिने खिशात राहिलेल्या पुडीत असल्या उंचवट्याला काही अर्थ नाही, आणि विदर्भातल्या उन्हाळ्यात तर मुळीच नाही. वाचनाआधी सौम्य तापवून तो काढून टाका आणि पुढच्या स्थिर उंचवट्यांवर काम करा. ते तरी किती स्थिर आहेत, हे आपल्या नमुन्यावर तपासावे लागेल: एकाच दिवशी डोस दिलेल्या पुड्या एक दिवस, एक आठवडा, एक महिना आणि तीन महिन्यांनी वाचा. उजेडापासूनही जपा. सूर्यप्रकाशाने काही सापळे रिकामे होतात आणि त्याच वेळी खोल सापळ्यांतले इलेक्ट्रॉन वरच्या सापळ्यांत येऊन बसतात, त्यामुळे न मिळालेला डोस मिळाल्यासारखा दिसू शकतो. पुडी काळ्या, प्रकाशबंद वेष्टनातच असावी. शिवाय काही फ्लोराइटमध्ये स्वतःचेच थोडे युरेनियम-थोरियम असते. रिकामी केलेली पुडी शिशाच्या जाड आवरणात महिनाभर ठेवून वाचली, की खड्याचा हा स्वतःचाच डोस कळतो.

आता एक्स-रे खोलीच्या दृष्टीने सर्वांत निर्णायक मुद्दा. रुग्णालयातल्या निदानाच्या एक्स-रे किरणांची सरासरी ऊर्जा ढोबळमानाने ३० ते ५० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट असते. या ऊर्जेला किरण शोषण्याचे प्रमाण पदार्थाच्या अणुक्रमांकाप्रमाणे झपाट्याने वाढते. मानवी ऊतीचा परिणामी अणुक्रमांक (घटक मूलद्रव्यांच्या अणुक्रमांकांची एक प्रकारची सरासरी) साडेसातच्या आसपास, क्वार्ट्झचा सुमारे १२ आणि फ्लोराइटचा १६च्या वर आहे. परिणाम असा, की ३० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टला हवेच्या तुलनेत क्वार्ट्झ सुमारे चौपट आणि फ्लोराइट बारा-तेरा पट ऊर्जा शोषते, पण कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांना सगळे जवळपास सारखे असतात. तुम्ही कर्करोग रुग्णालयातल्या कोबाल्टवर पुडीचे अंशशोधन केलेत, म्हणजे माहीत असलेल्या डोसशी तिचा प्रकाश जुळवून घेतलात, आणि ती पुडी एक्स-रे खोलीत वापरलीत, तर मामांचा डोस खऱ्याच्या दहापट दिसू शकतो. असा आकडा घरात पोहोचला तर काय होईल याचा विचार करा. उलट अंशशोधन एखाद्या एक्स-रेच्या ऊर्जेवर केले, तर वेगळ्या किलोव्होल्टेजला ते पुन्हा चुकेल.

अधिकृत बॅजमध्येही हीच अडचण असते, कारण कॅल्शियम सल्फेटचा परिणामी अणुक्रमांकही १५च्या पुढे आहे. म्हणून त्यात एका धातूच्या पट्टीवर तीन चकत्या असतात: एक तांबे-ॲल्युमिनियमच्या गाळणीखाली, एक प्लास्टिकखाली आणि एक उघडी. तिघींच्या वाचनांच्या गुणोत्तरावरून किरणांची ऊर्जा ओळखतात आणि त्याप्रमाणे दुरुस्ती लावतात. एकट्या पुडीला ही ओळख नसते. तुमच्या प्रकल्पात खरा कस लागेल तो इथे. एकाच नमुन्याच्या तीन पुड्या वेगवेगळ्या जाडीच्या तांब्याखाली ठेवून गुणोत्तरे कशी बदलतात हे पाहिलेत, तर ते काम मनापासून वाचण्याजोगे होईल.

मग नैसर्गिक खनिजे डोस मोजायला नेमकी कुठे उपयोगी पडतात? जिथे कोणीही मोजमापक ठेवलेला नव्हता आणि तरी डोस जाणून घेणे गरजेचे आहे, तिथे. या कामाचा कणा म्हणजे भाजलेली वीट आणि कौल. भट्टीत भाजताना मातीतल्या क्वार्ट्झचे सापळे आपोआप रिकामे होतात, म्हणजे आपल्याला हवे असलेले शून्य कुंभार किंवा वीटभट्टीवालाच करून ठेवतो. त्या दिवसापासून पुढचा सगळा डोस विटेत साठतो. हिरोशिमा आणि नागासाकीत अणुबाँबपासून निरनिराळ्या अंतरांवर सापडलेली कौले आणि विटा १९६०च्या दशकापासून अशाच मोजल्या गेल्या. वाचलेल्या लोकांच्या डोसची गणिते तपासायला त्या मोजमापांचा आधार घेतला गेला, आणि किरणोत्सर्गाच्या कर्करोगजन्य धोक्याबद्दल आज आपण जे आकडे वापरतो त्यांतले बरेच त्याच लोकांच्या अभ्यासावर उभे आहेत. चेर्नोबिलच्या अणुभट्टी-अपघातानंतर शेजारच्या प्रिप्यात शहरातल्या इमारतींतल्या विटा, आणि रशियाच्या दक्षिण उरलमध्ये, जिच्यात किरणोत्सर्गी कचरा सोडला गेला होता त्या तेचा नदीकाठच्या जुन्या बांधकामांतल्या विटा, याच रीतीने अभ्यासल्या गेल्या.

इथे इमारतीचे वय फार महत्त्वाचे ठरते, ते का हे समजले की अख्खी पद्धत समजते. विटेतल्या एकूण डोसमधून नैसर्गिक डोस वजा करायचा आणि उरतो तो अपघाताचा. प्रिप्यात शहर १९७० मध्ये वसवले गेले आणि अपघात २६ एप्रिल १९८६ ला झाला. विटेचा नैसर्गिक डोस वर्षाला तीन मिलिग्रे धरला, तर सोळा वर्षांत सुमारे ५० मिलिग्रे होतात. त्यात दहा टक्क्यांची चूक झाली तरी ती पाच मिलिग्रेची. आता पेशवाईतल्या एखाद्या अडीचशे वर्षांच्या वाड्याची वीट घ्या. तिचा नैसर्गिक डोस ७५० मिलिग्रे होईल आणि पाच टक्के चूक म्हणजेच सदतीस मिलिग्रे. त्याहून लहान बाहेरचा डोस त्या विटेत असला तरी तो सापडणार नाही. म्हणूनच या कामात नवी इमारत सोयीची. तेचाकाठच्या जुन्या विटांवर काम करणाऱ्यांना नैसर्गिक डोसचा दर कमालीच्या काळजीने मोजावा लागला, तो याच कारणाने.

विटेचा आणखी एक गुण मला नेहमी मोलाचा वाटत आला आहे. तिला आत खोली असते. पृष्ठभागापासून एक-एक सेंटिमीटरवर काप घेऊन डोस मोजला, तर तो आत जाताना किती झपाट्याने घटतो यावरून किरणांच्या ऊर्जेचा अंदाज येतो. खिशातल्या पुडीत जी ओळख नव्हती, ती विटेच्या जाडीत मिळते.

यावरून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर निघते. मामांच्या एक्स-रे खोलीची वीट काढून गेल्या सहा वर्षांचा डोस कळेल का? माझ्या मते नाही, आणि त्याची कारणे नुसत्या अडचणी नाहीत. निदानाचे एक्स-रे विटेत सेंटिमीटरभरात निम्म्याहून कमी उरतात आणि त्याआधी गिलाव्याचा थर असतो. मामा उभे राहतात त्या आडोशामागच्या भिंतीला सहा वर्षांत मिळालेला जादा डोस फार तर काही मिलिग्रे असेल, आणि विटेत दहा-वीस मिलिग्रेच्या खालचा जादा डोस खात्रीने ओळखणे कठीण आहे. शिवाय भिंत चोवीस तास तिथेच असते, मामा नसतात. ते शिशाचा ॲप्रन घालतात, भिंत घालत नाही. दातांच्या इनॅमलमधल्या खनिजावरून ईएसआर (चुंबकीय क्षेत्रात अडकलेले इलेक्ट्रॉन मोजण्याच्या) पद्धतीने माणसाचा जुना डोस काढता येतो आणि तेचाकाठच्या रहिवाशांसाठी तो काढलाही गेला. पण त्यालाही दहाच्या कित्येक पटींत मिलिग्रे डोस लागतो, पडलेला किंवा काढलेला दात लागतो आणि दातांचे एक्स-रे झालेले असतील तर आकडा आणखी गढूळ होतो.

एवढे सगळे लक्षात घेऊन प्रकल्प आणि मामा या दोन गोष्टी पूर्णपणे वेगळ्या करा, असे मी आग्रहाने सांगेन. प्रकल्प जरूर करा. विषय चांगला आहे आणि खनिज तुमच्या जिल्ह्यातले आहे. एकाच खड्यातून पन्नासेक पुड्या तयार करा. जवळच्या कर्करोग रुग्णालयातल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांना आधी लेखी विनंती करून कोबाल्ट-६० वर १० मिलिग्रेपासून एक ग्रेपर्यंत पाच-सहा टप्प्यांचे डोस मागा. पुडीवर पाच मिलिमीटर जाडीचे प्लास्टिक असू द्या, म्हणजे पृष्ठभागालगतची तूट भरून निघते. त्यातून प्रकाश आणि डोसचा आलेख काढा, प्रत्येक टप्प्याला किमान पाच पुड्या ठेवा आणि सरासरीबरोबर विखुरणही छापा, कारण नैसर्गिक खनिजात ते विखुरण हाच अर्धा निष्कर्ष असतो. तव्याचा प्रयोग मात्र आता थांबवा. फ्लोराइट तापवताना तडकून उडते, त्यामुळे डोळ्यांवर चष्मा हवा, आणि खडा स्वच्छ करण्यासाठी त्यावर तीव्र सल्फ्युरिक आम्ल कधीही टाकू नका. त्यातून अत्यंत घातक हायड्रोफ्लोरिक आम्ल निघते.

मामांसाठी मार्ग वेगळा आहे. परमाणु ऊर्जा नियामक परिषदेच्या म्हणजे एईआरबीच्या नियमांनुसार किरणोत्सर्गाच्या कामावरच्या माणसांचे व्यक्तिगत डोसमापन करवून घेणे ही नियोक्त्याची जबाबदारी आहे. ती मामांनी खिशातल्या पुडीने भागवायची नाही. रुग्णालयाने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे नोंदणी केली, की ठरावीक काळाने बदलणारे टीएलडी (तापदीप्तीवर चालणाऱ्या डोसमापकाचे) बॅज मिळतात. बॅज छातीच्या उंचीवर आणि ॲप्रनच्या आत लावायचा. कामावरच्या व्यक्तीसाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट आहे. तो आकडा आणि मामांचा आकडा एकाच कागदावर येण्यासाठी बॅजच लागतो. मागच्या सहा वर्षांसाठी खनिजापेक्षा रजिस्टर जास्त सांगेल: रोज किती एक्स-रे निघाले, कोणत्या किलोव्होल्ट आणि मिलिॲम्पिअर-सेकंदाला, मामा बटण दाबताना कुठे उभे होते आणि आडोसा होता का. यंत्राची गुणवत्ता तपासणी करणारे लोक अंशशोधित सर्व्हे मीटर घेऊन येतात, तेव्हा त्यांच्याकडून बटणाच्या जागी, दाराशी आणि प्रतीक्षा खोलीकडच्या भिंतीशी वाचने लिहून घ्या. ती वाचने आणि रजिस्टरमधले काम एकत्र करून भौतिकशास्त्रज्ञ सहा वर्षांच्या डोसची वरची मर्यादा बऱ्यापैकी सांगू शकतील.

तुमच्या खड्याचा पहिला आलेख मिळाला, की तापवण्याची गती, ॲनीलिंगचे तापमान आणि कोऱ्या पुडीचे वाचन यांसह इथेच टाका. कोणता उंचवटा धरायचा ते त्यावरून सांगता येईल.